कारखान्याचा वास, ओढ्यातला फेस: न्यूझीलंडमध्ये नव्याने आलेल्यांनी रिजनल कौन्सिलकडे दाद कशी मागावी

माझं लहानपण इचलकरंजीत गेलं. पंचगंगेवर फेस आला, मेलेले मासे काठाला लागले की मोठी माणसं म्हणायची, "मंडळाला कळवा." मंडळ म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असायचं. न्यूझीलंडला आल्यावर दुसऱ्याच उन्हाळ्यात घरामागच्या ओढ्याच्या बाजूने संध्याकाळी कुजकट वास यायला लागला. तेव्हा मला कळेना की इथलं 'मंडळ' कोण. सहा आठवडे मी चुकीच्या कार्यालयाला ईमेल पाठवत होतो. तेही सकाळी उठून, कालच्या वासाबद्दल! प्रत्येक ईमेलला नम्र उत्तर यायचं आणि वास तसाच राहायचा. पुढे रीत कळली आणि काम झालं. तुमचे सहा आठवडे वाचावेत म्हणून ती रीत क्रमाने लिहितो.

१. आधी 'कोणती कौन्सिल' हे नक्की करा

इथे बहुतेक ठिकाणी दोन कौन्सिल असतात. सिटी किंवा डिस्ट्रिक्ट कौन्सिल म्हणजे आपली नगरपालिका: रस्ते, कचरा, नळ, मलवाहिन्या, बांधकाम परवाने. रिजनल कौन्सिल वेगळी. नदी, भूजल, हवा, किनारा आणि त्यांत कोण काय सोडतं, हे तिचं काम. १९८९ च्या फेररचनेत रिजनल कौन्सिलांच्या हद्दी मुख्यतः नद्यांच्या पाणलोट क्षेत्रांवरून आखल्या गेल्या. नदी उगमापासून मुखापर्यंत शक्यतो एकाच कार्यालयाच्या ताब्यात असते. पंचगंगेकाठी वाढलेल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

देशात अशा ११ रिजनल कौन्सिल आहेत. ऑकलंड, गिझबर्न, नेल्सन, टास्मन आणि मार्लबरो इथे मात्र एकच युनिटरी कौन्सिल दोन्ही कामं करते. म्हणजे ऑकलंडमध्ये राहत असाल तर 'ऑकलंड रिजनल कौन्सिल' शोधू नका. ती २०१० मध्येच ऑकलंड कौन्सिलमध्ये विलीन झाली. तिथलं सांडपाणी वॉटरकेअर ही कौन्सिलच्या मालकीची कंपनी सांभाळते.

दोन कौन्सिल कशासाठी, असा प्रश्न मलाही पडला होता. क्राइस्टचर्चचं उदाहरण बघा. १ नोव्हेंबर २०२१ ला ब्रॉमलीच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात आग लागली, सांडपाणी जंतूंच्या मदतीने शुद्ध करणारे दोन मोठे ट्रिकलिंग फिल्टर निकामी झाले आणि शहराच्या पूर्वेकडच्या लोकांनी कित्येक महिने दुर्गंधी सोसली. केंद्र सिटी कौन्सिलचं, पण त्यावर देखरेख एन्व्हायर्न्मेंट कँटरबरी या रिजनल कौन्सिलची. इथे एक सरकारी संस्था दुसरीला नोटीस काढू शकते, खटलाही भरू शकते. म्हणून सांडपाणी केंद्राचा वास आला की ते चालवणाऱ्यांना सांगाच, पण नोंद रिजनल कौन्सिलकडेही करा.

दोघांमधला दुवा तुटला की काय होतं, हे २०१६ च्या ऑगस्टमध्ये हॅवलॉक नॉर्थमध्ये दिसलं. मेंढ्यांच्या विष्ठेतले कॅम्पायलोबॅक्टर जंतू गावाच्या विहिरीत उतरले आणि सुमारे १४ हजार वस्तीच्या गावात हजारो लोक आजारी पडले. चौकशीत डिस्ट्रिक्ट आणि रिजनल या दोन्ही कौन्सिलांवर ठपका आला, आणि त्यांच्यातल्या असहकारावर खास बोट ठेवलं गेलं.

सापळा: 'एन्व्हायर्न्मेंट साउथलँड', 'होरायझन्स' अशी नावं बघून ती स्वयंसेवी संस्था वाटते. या रिजनल कौन्सिलच आहेत.

२. पाणी कुठे जातं ते शोधा

कारखान्याचं पाणी तीन वाटांनी जाऊ शकतं, आणि वाटेनुसार जाब विचारायचं ठिकाण बदलतं.

मलवाहिनीत जात असेल तर कारखान्याकडे ट्रेड वेस्टचा, म्हणजे उद्योगाच्या सांडपाण्याचा, परवाना लागतो. तो सिटी किंवा डिस्ट्रिक्ट कौन्सिल अथवा पाणी कंपनी देते. ओढ्यात, नदीत, समुद्रात किंवा जमिनीवर सोडलं जात असेल तर १९९१ च्या रिसोर्स मॅनेजमेंट ॲक्टखाली, म्हणजे सगळे ज्याला आरएमए म्हणतात त्याखाली, रिजनल कौन्सिलची परवानगी लागते. धुराड्यातून हवेत जे जातं तेही यातच आलं.

तिसरी वाट पावसाळी गटाराची, आणि नवे लोक इथेच फसतात. इथे मलवाहिनी आणि पावसाळी गटार बहुतेक शहरांत वेगवेगळी असतात. रस्त्याकडेच्या जाळीत पडलेलं पाणी प्रक्रिया केंद्रात जात नाही, ते थेट ओढ्यात जातं. ओढा दुधाळ दिसला तर कारखान्याकडे बोट दाखवण्याआधी वरच्या अंगाला कोणी रंगाचे ब्रश किंवा काँक्रीट धुतलंय का ते बघा. आणि आपणही गाडी धुवायची तर गवतावर धुवा. आपल्या अंगणातला साबण त्या जाळीत गेला तर तेही प्रदूषणच, आणि त्याबद्दल घरमालकालाही दंड होऊ शकतो.

३. संमतीपत्र मिळवा आणि त्यातल्या अटी वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नदीत किंवा हवेत काही सोडण्याच्या परवानगीला इथे डिस्चार्ज परमिट म्हणतात. रिसोर्स कन्सेंटचाच हा एक प्रकार. आपल्याकडच्या मंडळाच्या संमतीपत्राचा हा भाऊच म्हणा. कौन्सिलच्या संकेतस्थळावर नकाशा असतो, त्यावर जागेवर टिचकी मारली की संमतीपत्राचा क्रमांक मिळतो. नाही सापडला तर ग्राहक सेवेला कारखान्याचा पत्ता देऊन "या जागेची चालू डिस्चार्ज कन्सेंट्स पाठवा" एवढंच लिहा. ही कागदपत्रं सार्वजनिक आहेत. ती कशाला हवीत, याचं कारण देण्याची गरज नाही.

पहिली काही पानं अर्जदार, ठिकाण, नकाशा यांत जातात. मग येतात अटी, आणि सगळा जीव त्यांतच असतो. अटी बघताना मी वहीत हे लिहून काढतो:

- किती सोडायला परवानगी आहे (दिवसाला किती घनमीटर)
- कशाची मर्यादा आहे: जंतू, अमोनिया, नायट्रोजन, फॉस्फरस, गढूळपणा, तापमान
- नमुना कुठून घ्यायचा: पाइपच्या तोंडाशी की नदीत खाली
- कोणी आणि किती वेळा घ्यायचा
- अहवाल कधी द्यायचा
- मुदत कधी संपते

अट किती नेमकी असू शकते, याचं माझं आवडतं उदाहरण वायकाटो नदीवरच्या हंटली वीजकेंद्राचं आहे. केंद्र थंड करायला वापरलेलं पाणी नदीत परत जातं, आणि नदीचं पाणी २५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये अशी अट आहे. कडक उन्हाळ्यात नदी मुळातच तापलेली असली की केंद्राला निर्मिती कमी करावी लागते. देशातल्या सगळ्यात मोठ्या औष्णिक केंद्राला नदीच्या तापमापकाकडे बघून चालावं लागतं, ते कागदावरच्या एका आकड्यामुळे.

'आफ्टर रीझनेबल मिक्सिंग', म्हणजे 'वाजवी मिसळण झाल्यावर', हे शब्द दिसले की थांबा. पाइपच्या तोंडापासून काही अंतर पाणी नदीत मिसळायला मोकळं सोडलेलं असतं, आणि दर्जाची मोजणी त्या पट्ट्याच्या खाली होते. तुम्ही पाइपजवळ उभं राहून फेसाचा फोटो काढला, तर ती जागा मिसळणीच्या पट्ट्यात आहे म्हणून तो बाजूला ठेवला जाऊ शकतो. पट्टा किती मीटरचा, ते संमतीपत्रात असतं. त्याच्या खाली जाऊन फोटो काढा. पट्ट्याखालीही तेलाचा तवंग, फेस, रंगात ठळक बदल किंवा घाण वास दिसला, तर कायद्याच्या १०७ व्या कलमाचा आधार आहे. असे परिणाम होणार असतील तर, काही अपवाद सोडून, मुळात परवानगीच देता येत नाही.

मुदतीचंही बघा. संमतीपत्र जास्तीत जास्त ३५ वर्षांचं असतं. तारीख उलटून गेलेली दिसली की आपण आनंदाने ओरडतो, "सापडले! परवानाच नाही!" मी तसा ओरडलो होतो. पण मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज केलेला असेल तर निकाल लागेपर्यंत जुन्या अटींवर काम कायदेशीर चालू राहतं. अनेक गावांची सांडपाणी केंद्रं अशी वर्षानुवर्षं जुन्या कागदावर चाललेली आहेत. हे मला मुळीच पटत नाही, कारण जुन्या अटी म्हणजे जुन्या काळाचं विज्ञान. पण तक्रारीत 'बेकायदा' हा शब्द लिहिण्याआधी अर्जाची तारीख विचारून घ्या.

४. तपासणी प्रत्यक्षात कशी होते

रोज कोणी सरकारी माणूस बाटली घेऊन पाइपाशी उभा नसतो. बहुतेक नमुने कारखाना किंवा केंद्र स्वतःच घेतं, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून आकडे कौन्सिलला पाठवतं. कौन्सिलचा अधिकारी ते आकडे अटींशी ताडून बघतो, अधूनमधून जागेवर येतो, स्वतःचे नमुने घेतो. खर्च संमतीपत्रधारकाकडून वसूल होतो. दुग्धशेतांच्या शेणपाण्यावर नजर ठेवायला वायकाटोत हेलिकॉप्टरमधूनही पाहणी झालेली आहे.

"चोराच्याच हाती किल्ल्या" असं वाटलं ना? मलाही वाटलं होतं. पण खोटी किंवा अपुरी माहिती देणं धोक्याचं असतं, आणि नमुना चुकवला तरी तोच अटीचा भंग धरला जातो. म्हणून आकड्यांइतकंच गाळलेल्या तारखांकडेही बघा. माझ्या प्रकरणात पहिला धागा मला न भरलेल्या रकान्यांतच सापडला.

पाहणीनंतर अहवाल निघतो आणि बहुधा शेरा मिळतो: पूर्ण पालन, कमी जोखमीचा भंग, मध्यम भंग, गंभीर भंग. 'कमी जोखमीचा' म्हणजे अनेकदा अहवाल उशिरा देणं एवढंच असतं. एका शेऱ्यावरून निष्कर्ष काढू नका, तीन-चार वर्षांचे अहवाल ओळीने मांडा.

याशिवाय एक वेगळी मोजणी चालते: एकूण नदीची, भूजलाची, हवेची तब्येत कशी आहे याची. ती कुठल्याही एका कारखान्याला बांधलेली नसते. ठरलेल्या ठिकाणी, बहुतेकदा महिन्याला नमुने घेतात, आणि ते 'लावा', म्हणजे लँड, एअर, वॉटर आओतेआरोआ या संकेतस्थळावर सगळ्यांना बघायला मिळतात. कारखान्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाला अशी दोन केंद्रं सापडली तर सोन्याहून पिवळं. दोन्हींतला फरक बघा. खालचं पाणी खराब आहे एवढ्याने काही सिद्ध होत नाही. वरून येतानाच ते खराब असू शकतं, आणि या देशात ते शेतांमुळे बऱ्याचदा असतंच.

५. आकडे वाचताना

पोहण्यासाठी गोड्या पाण्यात १०० मिलिलीटरमागे २६० पर्यंत ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू) ठीक, २६० ते ५५० मध्ये सावधगिरी, ५५० च्या वर पाण्यात उतरू नये. मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस जवळजवळ सगळीकडे आकडा चढतो, तो कारखान्याच्या नावावर टाकू नका.

नदीतले किडे मोजून काढलेला एमसीआय हा निर्देशांकही बघा. पाण्याचा नमुना त्या क्षणाचं सांगतो, दगडाखालचे किडे मात्र गेल्या कित्येक महिन्यांचं. रात्री गुपचूप सोडलेलं पाणी सकाळच्या बाटलीत येत नाही, पण किड्यांत त्याची खूण राहते.

हवेत पीएम१० ची, म्हणजे श्वासातून आत जाणाऱ्या बारीक कणांची, राष्ट्रीय मर्यादा २४ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम आहे. हिवाळ्यात ती अनेक गावांत ओलांडली जाते, आणि मुख्य कारण घरोघरच्या लाकडाच्या शेगड्या असतात. जुलैतल्या संध्याकाळच्या धुराचा दोष कारखान्याला देण्याआधी शेजारची धुराडी मोजा.

६. तक्रार वास येत असतानाच करा

सहा आठवडे मी जी चूक केली ती हीच. वासाचा निकाल सहसा यंत्र देत नाही. अधिकारी स्वतः येतो आणि स्वतःच्या नाकाने ठरवतो: हद्दीबाहेर वास 'त्रासदायक किंवा आक्षेपार्ह' आहे का? तो आधी वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभा राहतो, मग खालच्या. दहाएक मिनिटं थोड्याथोड्या सेकंदांनी तीव्रता टिपतो. किती वेळा येतो, किती तीव्र, किती वेळ टिकतो, कसला आहे आणि कुठे येतो, या पाच गोष्टी बघतो. तुम्ही सकाळी कळवलंत तर त्याला हुंगायला काहीच उरत नाही.

प्रत्येक रिजनल कौन्सिलची चोवीस तास चालणारी प्रदूषण हेल्पलाइन असते. नंबर आजच फोनमध्ये साठवा. कँटरबरीत वासासाठी 'स्मेल्ट-इट' नावाचं ॲपही वापरात आलं होतं. फोन करताना जवळ ठेवा:

- तारीख, वेळ, किती मिनिटांपासून
- नेमकी जागा. ओढा असेल तर नकाशावरचा बिंदू
- वारा कुठून येतोय
- वास कशासारखा: कुजलेलं मांस, सडकी अंडी, जळकं, रसायन, शेण
- पाण्याचा रंग, फेस, तवंग, मेलेले मासे किंवा वाम
- फोटो आणि व्हिडिओ, जवळची खूण चौकटीत येईल असे
- संमतीपत्राचा क्रमांक, ठाऊक असेल तर
- फोननंतर मिळालेला तक्रार क्रमांक

हा शेवटचा क्रमांक मागून घ्याच. तुमचं नाव गुप्त ठेवायला सांगता येतं. आपली माणसं व्हिसाच्या काळजीने गप्प बसतात, हे मी पाहिलंय. प्रदूषणाची खरी तक्रार केल्याचा व्हिसाशी काही संबंध नाही.

कारखान्याच्या आवारात पाऊल टाकू नका. पाण्यात हात घालू नका. स्वतः बाटलीत भरलेला नमुना पुरावा म्हणून सहसा चालत नाही, कारण तो कोणी, कुठे, कसा घेतला आणि कसा जपला याची साखळी नसते. फोटो घ्या, बाटली अधिकाऱ्याला भरू द्या.

आमच्या वस्तीत आम्ही पाच घरांनी वही ठेवली. एक पंजाबी कुटुंब, एक सामोअन आजी, दोन पाकेहा (युरोपीय वंशाची) घरं आणि आम्ही. वेगवेगळ्या घरांतून एकाच संध्याकाळी फोन गेले तेव्हा तिसऱ्या खेपेला अधिकारी चाळीस मिनिटांत आली आणि तिला तो वास सापडला. वास शोषण्यासाठी कारखान्यात लाकडाच्या सालींचा बायोफिल्टर होता. तो सतत ओलसर ठेवण्याची अट संमतीपत्रात होती, आणि उन्हाळ्यात तो वाळून कोरडा पडला होता. ओलाव्याच्या नोंदींचे रकाने रिकामे होते, ते हेच. अटीचा क्रमांक आमच्या वहीत आधीच लिहिलेला होता. तो तिला दाखवला तेव्हा त्या संध्याकाळी पहिल्यांदा आमचं बोलणं वासावरून कागदावर आलं.

७. पुढे काय होतं, आणि काहीच झालं नाही तर

कौन्सिल आधी बोलून किंवा लेखी इशारा देऊन बघते. मग अबेटमेंट नोटीस, म्हणजे अमुक थांबवा किंवा अमुक तारखेपर्यंत दुरुस्त करा असा बंधनकारक आदेश. त्यापुढे जागेवरचा ठरावीक दंड, एन्व्हायर्न्मेंट कोर्टाचा आदेश आणि शेवटी खटला. बरीच वर्षं कंपनीला कमाल ६ लाख डॉलर दंडाची तरतूद होती, २०२५ च्या दुरुस्तीने ती मर्यादा खूप वर नेली. आमच्या बाबतीत नोटिशीवर काम झालं. वास बंद झाला, म्हणून मी खटल्याचा आग्रह धरला नाही.

उत्तर येत नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. स्थानिक संस्थांसाठीचा इथला कायदा १९८७ चा आहे, त्याला लगोइमा म्हणतात. साधा ईमेल पुरतो: "या संमतीपत्राचे गेल्या तीन वर्षांतले पाहणी अहवाल, नमुन्यांचे निकाल आणि काढलेल्या नोटिसा द्याव्यात." जास्तीत जास्त २० कामकाजी दिवसांत उत्तर द्यावं लागतं. 'सगळी माहिती द्या' असं लिहू नका. मग शुल्काचं किंवा मुदतवाढीचं पत्र येतं. नकार पटला नाही तर ओम्बड्समनकडे, म्हणजे इथल्या लोकपालाकडे, जा, तिथे पैसे लागत नाहीत.

८. नूतनीकरणाची वेळ हातची घालवू नका

अटी बदलायची खरी संधी इथे असते. संमतीपत्राचं नूतनीकरण जाहीर सूचनेने झालं तर कोणीही हरकती-सूचना पाठवू शकतं. नागरिकत्व लागत नाही. मुदत साधारण २० कामकाजी दिवसांची. मर्यादित सूचना असेल तर फक्त ज्यांना पत्र आलं त्यांनाच बोलता येतं, म्हणून जाहिरातीसारखा दिसणारा कौन्सिलचा लिफाफा फाडून फेकू नका. 'प्रकल्पाला विरोध' एवढंच लिहिण्यापेक्षा कोणती अट कशी हवी ते लिहा: "उन्हाळ्यात बायोफिल्टरचा ओलावा रोज नोंदवावा आणि नोंदी दरमहा संकेतस्थळावर टाकाव्यात." सुनावणीत बोलायचं असल्यास अर्जात तशी खूण करा, राहिली तर वेळ मिळत नाही.

सुनावणीला स्थानिक ईवीचे, म्हणजे माओरी समाजाचे लोक असतील. त्यांचं आधी ऐका. माणसाचा मैला थेट नदीत सोडणं त्यांच्या दृष्टीने नदीच्या प्राणाला, मौरीला, धक्का आहे. तो आधी मातीतून जायला हवा. वायकाटो नदीबाबत तर २०१० च्या कायद्याने ईवींना सहव्यवस्थापनाचा हक्क आहे. नदीला आई म्हणत वाढलेल्या आपल्याला हे बोलणं परकं वाटू नये.

रेसिडेंट व्हिसा असेल आणि देशात सलग एक वर्ष राहिला असाल, तर तुम्हाला मतदानही करता येतं. आरएमए आणि रिजनल कौन्सिलांची रचना, दोन्ही बदलायच्या हालचाली २०२५ पासून सरकारी पातळीवर चालू आहेत. त्यामुळे पत्र लिहिण्याआधी कलमांचे क्रमांक आणि कार्यालयाचं नाव त्या दिवशी पुन्हा तपासून घ्या. तुमच्या संमतीपत्राची मुदत कधी संपते, ती तारीख मात्र आजच कॅलेंडरवर टाका, आणि तिच्या एक वर्ष आधीची आठवणही लावून ठेवा.